चूक पोटात घालणारा ड्रायव्हर कसा पारखावा

दुकानातल्या जाळीसमोर गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यासाठीचा क्लब (काठी), हातात घेतला की पहिले पाच-सहा चेंडू इकडेतिकडे जातात आणि सातवा कडक बसतो. पडद्यावर २३० यार्ड उमटतात, विक्रेता "वा साहेब!" म्हणतो आणि आपला हात खिशाकडे जातो. पुढच्या शनिवारी पहिल्याच टीवरून तोच ड्रायव्हर चेंडू उजवीकडच्या झाडीत घालतो. गेली बारा वर्षं मी पुण्यात सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळतोय. हँडिकॅप अठराच्या आसपास आहे, म्हणजे मी मध्यम दर्जाचाच खेळाडू, आणि मित्रांबरोबर ड्रायव्हर निवडायला बरेचदा जाऊन बसलोय. या सगळ्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपल्यासारख्या खेळाडूने ड्रायव्हर त्याच्या सर्वोत्तम फटक्यावरून पारखायचा नाही, दहातल्या सर्वात वाईट तीन फटक्यांवरून पारखायचा. सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे.

खाली जे लिहिलंय ते उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलटी वाचावी.

'फरगिव्हिंग' म्हणजे नेमकं काय

खांद्यावरची कावड आठवा. दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी असतात. तोच भार एका पोत्यात घालून पाठीवर घेतला तर माणूस झटकन वळतो, कावड घेऊन मात्र त्याला सावकाशच वळावं लागतं. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी वस्तू फिरायला नाखूष. ड्रायव्हरच्या डोक्याचंही असंच. चेंडू फेसच्या (चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाच्या) मधोमध न लागता 'टो'कडे, म्हणजे दांड्यापासून लांबच्या टोकाला लागला (दांड्याजवळचं टोक ते 'हील'), की डोकं धक्क्याने मागे फिरतं. फिरण्यात ताकद वाया जाते, चेंडूचा वेग पडतो. वजन कडेला आणि मागे नेलेलं असेल तर डोकं कमी फिरतं आणि वाईट फटक्यातही बराच जोर शिल्लक राहतो, यालाच ड्रायव्हर 'फरगिव्हिंग' (चूक माफ करणारा) आहे म्हणतात. या नाखुषीचं माप म्हणजे एमओआय (मोमेंट ऑफ इनर्शिया).

डोकं मोठं झालं तसं वजन कडेला न्यायला जागा मिळत गेली. १९९१ साली कॅलवे कंपनीने 'बिग बर्था' ड्रायव्हर आणला तेव्हा त्याचं १९० सीसीचं डोकं लोकांना अवाढव्य वाटलं होतं. आज बहुतेक सगळे ड्रायव्हर ४६० सीसीचे असतात, कारण नियमाची मर्यादाच तेवढी आहे. म्हणजे आकारात आता कुणी कुणाच्या पुढे जाऊ शकत नाही. चढाओढ उरली आहे ती वजन कुठे ठेवायचं याची.

इथे जाहिरातीतला एक आकडा समजून घ्या. २०२४ च्या सुरुवातीला पिंग कंपनीचा जी४३० मॅक्स १०के आणि टेलरमेडचा क्यूआय१० मॅक्स असे दोन ड्रायव्हर '१०के' म्हणत बाजारात आले. नियमाप्रमाणे हील-टो दिशेतला एमओआय ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही, थोडी सूट धरून. मग दहा हजार कुठून आले? ती बेरीज आहे. हील-टो दिशेचा एमओआय अधिक वर-खाली दिशेचा एमओआय. दुसऱ्यावर नियमात मर्यादा नाही. यात फसवणूक काही नाही, वर-खाली दिशेचा एमओआय आपल्यासाठी फार कामाचा आहे, कारण आपले कितीतरी फटके फेसच्या खालच्या भागात लागतात. पण एकाच्या बेरजेची तुलना दुसऱ्याच्या सुट्या आकड्याशी करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमओआय कितीही असो, तो माफ करतो ती चेंडू मध्याबाहेर लागण्याची चूक. फटक्याच्या क्षणी फेस उघडा असेल, म्हणजे उजवीकडे बघत असेल, तर ती चूक कुठलंही डोकं माफ करत नाही. ड्रायव्हरने मारलेला चेंडू कुठल्या दिशेला सुटेल हे बहुतांशी फेस कुठे बघतोय यावरून ठरतं. फेस चार अंश उजवीकडे बघत असेल तर २०० यार्डांवर नुसत्या सुटण्याच्या दिशेनेच चेंडू १४ यार्ड उजवीकडे गेला, वर वळण वेगळंच. हे समजून न घेता हजारो रुपये घालवून निराश झालेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आधी स्वतःची चूक शोधा

नवा ड्रायव्हर बघायला जाण्यापूर्वी जुन्याच ड्रायव्हरवर एक सकाळ घालवा. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या, चेंडूवर वाटाण्याएवढा ठिपका काढा आणि तो ठिपका फेसकडे येईल असा चेंडू टीवर (खुंटीवर) ठेवा. फटका मारला की ठिपक्याची खूण फेसवर उमटते. मोबाइलवर फोटो काढा, ओल्या फडक्याने फेस पुसा, पुढचा चेंडू. असे किमान बारा.

माझा एक मित्र अठ्ठावन्न वर्षांचा आहे. त्याचा चेंडू कायम उजवीकडे वळायचा आणि आपला चेंडू 'टो'कडे लागतो असं तो ठामपणे सांगायचा. एका रविवारी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) बसून बारा फोटो काढले. बारापैकी नऊ खुणा हीलच्या बाजूला होत्या, मध्यापासून बोटभर आत आणि खालच्या अंगाला. 'टो'कडे एकही नाही. फोटो पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कॅडीकाका दोन वर्षं सांगतायत, साहेब, थोडं लांब उभे राहा." त्याची बॅग उचलणाऱ्या या काकांनी खुणेशिवाय ओळखलं होतं.

हीलला लागलेला चेंडू आणखी उजवीकडे का वळतो, तेही बघून घ्या. हीलला धक्का बसला की डोकं एका बाजूला फिरतं आणि चेंडूला उलटी फिरकी देतं, एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांसारखी. हीलच्या फटक्याला त्यातून उजवीकडे वळणारी फिरकी मिळते, टोच्या फटक्याला डावीकडे वळणारी. फेस थोडा फुगीर ठेवलेला असतो तो याच फिरकीची भरपाई करायला. वर-खालीही असंच होतं. फेसच्या खालच्या भागात लागलेला चेंडू खाली सुटतो, जास्त फिरकी घेतो आणि लवकर पडतो. किंचित वर लागलेला उंच जातो, कमी फिरतो आणि लांब जातो.

त्या मित्राने टी थोडी उंच केली, थोडा मागे सरकला आणि निम्मी अडचण फुकटात गेली. उरलेल्या निम्म्यासाठी ड्रायव्हर बघायला गेलो तेव्हा काय शोधायचंय हे दोघांनाही ठाऊक होतं.

बारा फोटोंत खुणा सगळीकडे विखुरलेल्या असतील तर तुम्हाला जास्त एमओआयच्या डोक्याचा सर्वात जास्त फायदा होईल. खुणा एका जागी पण मध्याबाहेर असतील तर आधी उभं राहण्याची जागा, टीची उंची आणि शाफ्टची (दांड्याची) लांबी बघा. आणि खुणा मधोमध असूनही चेंडू झाडीत जात असेल तर तो पैसा ड्रायव्हरवर न घालता प्रशिक्षकाला द्या. हे मी मनापासून सांगतोय.

डोकं, लॉफ्ट, शाफ्ट

बहुतेक कंपन्या एकाच नावाखाली तीन-चार डोकी काढतात. पिंगच्या जी४३० मध्ये मॅक्स, एलएसटी आणि एसएफटी होते. टेलरमेडच्या क्यूआय१० मध्ये मॅक्स, साधा आणि एलएस. एलएस किंवा एलएसटी म्हणजे कमी स्पिनचं (फिरकीचं) डोकं. त्यात वजन पुढे असतं, ते जोरदार आणि नेमकं मारणाऱ्यासाठी. रंग-रूपाला भुलून ते घेऊ नका. मॅक्समध्ये वजन मागे असतं, चेंडू उंच जातो, एमओआय जास्त. आपली सुरुवात इथूनच करायची. एसएफटी किंवा 'डी' असं लिहिलेल्या डोक्यांत वजन हीलकडे सरकवलेलं असतं, त्यामुळे फेस बंद व्हायला मदत होते. कायमचा स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) असणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, पण उजवीकडचा मोठा वळसा सरळ होईल ही अपेक्षा ठेवू नका. थोडा आत येतो, इतकंच.

लॉफ्टबाबत, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे याबाबत, आपल्याकडे उगाचच लाज आहे. ९ अंशांचा ड्रायव्हर बॅगेत असला की माणूस जोरात मारतो असा समज. क्लबचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास असणाऱ्याला १०.५ योग्य, आणि ८५ च्या खाली असेल तर १२ अंश वापरून पाहायलाच हवा. जास्त लॉफ्टने चेंडूला बाजूची फिरकी तुलनेने कमी जाणवते, म्हणजे १२ अंश स्वतःच थोडं माफ करतं. मानेजवळच्या फिरत्या बाहीने लॉफ्ट बदलता येतो, पण लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो आणि कमी केला की उघडतो, हे लक्षात ठेवा. चाचणी घेताना बाही मूळ खुणेवर ठेवा, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलतात आणि फरक कशाने पडला ते कळत नाही.

शाफ्टवरच्या 'रेग्युलर', 'स्टिफ' या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफइतका कडक असू शकतो. अक्षर वाचून नको, मारून ठरवा. वजन मात्र ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ५० ग्रॅमचा आणि ६० ग्रॅमचा दोन्ही मारून बघा. हलका नेहमीच बरा असं नाही. काहींच्या हातात हलका शाफ्ट भरकटतो आणि खुणा फेसभर पसरतात.

आणि लांबी. दुकानातले ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस ते सेहेचाळीस इंचांचे असतात. व्यावसायिक खेळाडूंपैकी पुष्कळ जण यापेक्षा आखूड वापरतात, आणि ते रोज सराव करतात! म्हणून चाचणीत पाच चेंडू ग्रिपवर हात इंचभर खाली घेऊन मारा. खुणा मध्याकडे सरकल्या तर तुम्हाला आखूड शाफ्ट हवा. माझ्या मते नवीन डोक्यापेक्षा या एका इंचाने जास्त खेळाडूंचं भलं होईल.

चाचणी कशी घ्यायची

चाचणी दोन ड्रायव्हरची असते, कधीही एकाची नाही. जुना ड्रायव्हर बरोबर न्या. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच चेंडूंनी दोन्ही मारा. रेंजवरचे झिजलेले चेंडू कमी जातात आणि प्रत्येक वेगळा वागतो, म्हणून शक्य असेल तिथे आपले चेंडू वापरू द्या म्हणून विनंती करा. मी तरी आजवर नकार ऐकलेला नाही.

आधी पंधरा मिनिटं छोट्या क्लबने अंग मोकळं करा. मग जुन्याने पाच, नव्याने पाच, पुन्हा जुन्याने पाच, नव्याने पाच. एकाच ड्रायव्हरने सलग वीस मारले की हात त्याला सरावतो, किंवा दमतो, आणि दोन्हींत निकाल खोटा येतो. चाळीस चेंडूंवर थांबा. खरेदी त्या दिवशी करू नका. आठवड्याने परत जाऊन तेवढेच मारा. दुसऱ्या दिवसाचे आकडे पहिल्यापेक्षा बोलके असतात, कारण नवेपणाचा उत्साह गेलेला असतो.

आता सर्वात कठीण नियम: एकही फटका पुसायचा नाही. विक्रेता प्रेमाने म्हणतो, "हा सोडून द्या, नीट बसला नाही." नेमका तोच आपल्याला हवाय. त्याच्यासाठीच तर ड्रायव्हर घेतोय. फटका मारण्यापूर्वी यंत्र चुकलं तर गोष्ट वेगळी, मारल्यानंतर आवडला नाही म्हणून नाही.

यंत्रावर पाच गोष्टी बघा: चेंडूचा वेग, कॅरी म्हणजे हवेतलं अंतर, सुटण्याचा कोन, स्पिन आणि मध्यरेषेपासून किती बाजूला. स्वस्त यंत्रं काही वेळा स्पिन मोजत नाहीत, अंदाजाने दाखवतात, म्हणून हे यंत्र स्पिन मोजतं का, हे विचारून घ्या. ९० मैलांच्या आसपासच्या वेगाला साधारण १३ ते १६ अंशांचा कोन आणि मिनिटाला २३०० ते ३००० फेऱ्यांचा स्पिन ठीक. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागलं की फटका किती नेमका लागला ते कळतं. १.५० ही जवळजवळ कमाल. ९० मैलांच्या वेगाला १.४५ म्हणजे चेंडू १३० मैलांनी सुटला, १.३५ म्हणजे १२१ मैलांनी. चेंडूचा एक मैल म्हणजे ढोबळमानाने दोन यार्ड, म्हणजे एवढ्याशा फरकात १८ यार्ड गेले.

वहीतला हिशेब

धरून चाला, दहा-दहा फटक्यांचा कॅरी असा आला:

जुना: २१२, २०८, २१५, १७१, २०४, २१०, १८३, २०६, १६८, २०९

नवा: २०३, १९९, २०५, १९०, २०१, २०४, १८६, १९८, १८८, २०२

जुन्याचा सर्वोत्तम फटका २१५, नव्याचा २०५. जाळीसमोर उभा असलेला माणूस जुनाच बरा म्हणेल. सरासरी काढली तर १९८.६ आणि १९७.६, जेमतेम एका यार्डाचा फरक. आता दोन्हींचे सर्वात वाईट तीन बाजूला काढा. जुन्याची सरासरी १७४, नव्याची १८८. चौदा यार्ड! १७० यार्डांवर पाण्याचा नाला असलेला होल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या चौदा यार्डांचं मोल कळेल. जुन्याने दहातला एक चेंडू पाण्यात आणि एक जेमतेम काठावर, नव्याने सगळे पार.

असाच हिशेब बाजूच्या अंतराचा करा. सर्वात डावीकडच्या आणि सर्वात उजवीकडच्या चेंडूतलं अंतर लिहा. फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा) साधारण ३० यार्ड रुंद धरा, दोन्हीकडे रफची (वाढलेल्या गवताची) थोडी पट्टी धरा, आणि दहातले किती चेंडू खेळण्याजोगे राहिले ते मोजा. चेंडू आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर, गेला की एक दंड आणि परत तिथूनच मारायचा, म्हणजे दोन फटक्यांचं नुकसान. दहा यार्ड जास्त मिळून हातात आठ नंबरऐवजी नऊ नंबरचा आयर्न येईल, त्याने अर्धा फटकाही वाचत नाही. म्हणून माझा स्वतःचा दंडक असा: आउट जाणारे चेंडू ज्याने कमी होतात तो ड्रायव्हर, भले तो आठ यार्ड मागे पडो.

आवाजाबद्दल विचारणारे खूप असतात. कार्बनच्या डोक्याचा आवाज दबका, टायटॅनियमचा खणखणीत. आवाज आवडणं चांगलंच, पण हिशेबात त्याला घेऊ नका. उभं राहिल्यावर डोकं डोळ्यांना कसं दिसतं ते मात्र घ्या. फेस डावीकडे बघतोय असं वाटलं तर हात नकळत तो उघडतात आणि मग सगळंच बिघडतं.

मैदानावर

यंत्राला वारा नसतो, झाडं नसतात, मागे उभे असलेले तिघं नसतात. म्हणून शक्य झालं तर डेमो ड्रायव्हर मागून एक फेरी खेळा, आणि ती आपल्या नेहमीच्या मैदानावर. येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानासारखी दोन्ही बाजूंना झाडं असलेली जागा असेल तर ड्रायव्हरचा खरा स्वभाव तीन होलमध्ये कळतो. मुंबईतला कॅरीचा आकडा पुण्यातल्या आकड्याशी लावू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे हवा विरळ, चेंडू थोडा जास्त जातो.

आपल्याकडे ऋतूचाही विचार हवा. एप्रिल-मे मध्ये फेअरवे दगडासारखे होतात, खाली मारलेला चेंडूही धावत जातो आणि ड्रायव्हर चांगला वाटतो. जुलैत तोच चेंडू पडतो तिथे रुतून बसतो. उन्हाळ्यात खरेदी करणार असाल तर एकूण अंतर विसरा, फक्त कॅरी बघा. पावसाळ्यात तेवढाच हाती राहतो.

पैसे देण्यापूर्वी

एक पिढी मागचा ड्रायव्हर घ्यायला काहीच हरकत नाही. एमओआय मर्यादेच्या जवळ पोचलेलाच आहे, एका वर्षात जग बदलत नाही. नव्या मॉडेलमुळे जुन्याची किंमत उतरली की तो काळ आपला. वापरलेला घेत असाल तर उन्हात धरून फेसवर केसासारखी चीर आहे का बघा, माथ्यावरचे टवके बघा, डोकं कानाजवळ हलवा आणि आत काही खुळखुळतंय का ऐका, बाही फिरते का ते पाना लावून बघा. नकली ड्रायव्हरही बाजारात फिरतात. किंमत फारच कमी वाटली तर क्रमांक कंपनीकडून तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका. क्लबच्या स्पर्धा खेळत असाल तर ते डोकं आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्य यादीत आहे ना, तेही बघा. जास्त उसळीचे अमान्य ड्रायव्हर विकले जातात.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचा असेल तर मारून बघितल्याशिवाय मागवू नका. इथे कुणाचा तरी तोच ड्रायव्हर, तोच शाफ्ट, तोच लॉफ्ट दहा चेंडूंसाठी मागून घ्या, मग भाच्याला सांगा. वॉरंटी इथे चालेल का, हे त्यालाच तिथल्या दुकानात विचारू द्या.

घरी आणल्यावर जुना ड्रायव्हर लगेच विकू नका. महिनाभराने मार्कर घेऊन पुन्हा बारा चेंडू मारा, पुन्हा बारा फोटो काढा आणि आधीच्या फोटोंशेजारी ठेवून बघा. माझ्या मित्राच्या दुसऱ्या बारा फोटोंत सात खुणा मध्यावर होत्या. उरलेल्या पाच अजून हीललाच होत्या, पण त्यांतला एकच चेंडू आउट गेला. जुना ड्रायव्हर त्याने कॅडीकाकांच्या मुलाला दिला.